बाटलीत वाढलेली हेलन

रॉझ वेंडॉर्फच्या तळपायाची आग कालच मस्तकात गेली होती आणि अजून खाली उतरायचं नाव घेत नव्हती. मिलवॉकीत सरोवरावरून सुटलेला वारा कान कापत होता, तरी ती कोटाची बटणं न लावताच पार्किंगमधून लॅबपर्यंत आली. दार तिने असं लोटलं की आत कोणाच्या तरी हातातली कॉफी सांडली. तिने सॉरीसुद्धा म्हटलं नाही.

हेलन कुबियाक नावाची बाई अंडाशयाच्या कर्करोगाने गेली, तेव्हा रॉझ शाळेत होती. तिचा बॉस हॉवर्ड टेस्के मात्र तेव्हापासून इथेच होता. हेलनच्या गाठीतल्या पेशी त्याने बाटलीत वाढवल्या, त्यांना तिच्या नावावरून 'एचके' म्हणायला सुरुवात केली, आणि त्या एचकेवरच त्याची लॅब, त्याचं नाव, त्याचा सगळा तोरा उभा राहिला. बाटली भरली की त्यातल्या थोड्या पेशी नव्या बाटलीत टाकायच्या, ती भरली की पुढच्या. शेजारच्या लॅबला हव्या असल्या तर चालू बाटलीतूनच द्यायच्या आणि आपल्या मेल्या तर त्यांच्याकडून परत आणायच्या, विरजण मागावं तशा. मूळच्या गोठवलेल्या कुप्या नायट्रोजनच्या टाकीत तळाशी पडून होत्या, पण त्यांना कोणी हात लावत नसे. त्यातल्या पेशी फार सावकाश वाढतात, आणि लॅबमध्ये सावकाश वाढणाऱ्याला कोण विचारतो?

यंदा मात्र दोन्ही लॅबमधल्या बाटल्यांना एकदमच जंतूंची लागण झाली. शेजारी हात वर करून मोकळे झाले, आणि बाहेरगावच्या लॅबमधून एचके यायला महिना लागणार होता. शेवटी रॉझने टाकीच्या तळातून हेलनची जुनी कुपी काढली. पेशी रडतखडत वाढल्या. त्यांच्यावर तिने हॉवर्डचं नवं औषध घातलं, तर पेशी ढिम्म. पुन्हा घातलं. पुन्हा ढिम्म.

हे औषध म्हणजे कुलूप उघडणारी किल्ली होती. गाठीची वाढ रोखणारा एक जीन एचकेमध्ये बंद पडलेला असे. त्यातलं एक अक्षरही बदललेलं नव्हतं, फक्त वरून रसायनाचं कुलूप बसलेलं. औषध ते कुलूप काढायचं आणि पेशी मरायच्या. पण जुन्या कुपीत कुलूप नव्हतंच. रॉझचा विश्वास बसेना. हॉस्पिटलने हेलनची मूळ गाठ मेणात जपून ठेवली होती, तिची एक चकती तिने मागवली. तिच्यातही कुलूप नव्हतं.

म्हणजे ते कुलूप हेलनच्या शरीराने लावलेलं नव्हतं. ते बाटलीत लागलं होतं. ज्या पेशी भराभर वाढतील त्याच दर वेळी पुढे गेल्या, आणि भराभर वाढल्या त्या कुलूपवाल्या. इतकी वर्षं ही सगळी हुशार मंडळी एका बाईचा नव्हे, प्लॅस्टिकच्या बाटलीचा आजार बरा करत बसली होती.

काल तिने हे सगळं हॉवर्डच्या टेबलावर मांडलं.

"उंदरांवर चाललंय ना औषध!" हॉवर्ड म्हणाला.

"उंदरांत गाठ वाढवलीस ती कशाची? बाटलीतल्याच पेशींची ना?"

"रॉझ, सोमवारी पहिल्या पेशंटला औषध द्यायचंय. आत्ता हे काढू नकोस."

"मग कधी काढू? पेशंट गेल्यावर?"

"जीभ आवर जरा."

"प्रत्येक पेशंटच्या गाठीत कुलूप आहे का, एवढं आधी बघू या. बाकी काही मागत नाही मी."

"निम्मे पेशंट गळतील! परत परवानग्या, परत सहा महिने. बघायचंय ते नंतर बघू." एवढं बोलून त्याने चष्मा पुसायला घेतला. विषय संपला की तो चष्मा पुसतो, हे सगळ्या लॅबला ठाऊक होतं. रॉझने तपासणी समितीला तिथल्या तिथे पत्र धाडलं, पण समितीची बैठक होती पुढच्या गुरुवारी.

आणि सोमवारची ती पहिली पेशंट कोण, तर जोअ‍ॅन कुबियाक. हेलनचीच मुलगी. तिलाही तोच रोग झाला होता. डॉक्टरांनी तिला दुसरी केमो सुचवली होती आणि त्या केमोने गुण येण्याची बरीच आशाही होती. पण जोअ‍ॅनने ती पुढे ढकलली, कारण हे तिच्या आईच्या पेशींतून निघालेलं औषध होतं. आई मला वाचवणार, असं ती साऱ्या चर्चला सांगत सुटली होती.

आज हेलनचा वाढदिवस. दर वाढदिवसाला जोअ‍ॅन पेकनचा मोठा क्रिंगल, म्हणजे सुकामेवा भरलेली गोल पेस्ट्री, घेऊन लॅबमध्ये यायची, सगळ्यांना तुकडे वाटायची आणि मग मायक्रोस्कोपमध्ये डोकावून आईला भेटायची. हा रिवाज हॉवर्डनेच पाडलेला. पाहुणे आले की तो हे मोठ्या कौतुकाने सांगायचा, आणि ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावायचे.

जोअ‍ॅन आली. डोक्याला पॅकर्स या फुटबॉल टीमचा हिरवा-पिवळा स्कार्फ, हातात खोका, चेहरा निम्मा झालेला.

"काय रे, तोंडं का अशी? पॅकर्स हरले का परत?" ती म्हणाली.

सगळे हसले. हॉवर्डने तिच्या खांद्यावर हात ठेवून नेहमीचं भाषण सुरू केलं. हेलन गेलीच नाही, ती इथे आपल्यात आहे, वगैरे. रॉझला ते ऐकवेना. तिने मायक्रोस्कोपखालची नेहमीची बाटली उचलली आणि तिथे जुन्या कुपीतल्या पेशींची बाटली ठेवली.

जोअ‍ॅन वाकली. "हाय मॉम," ती म्हणाली, आणि डोळा काचेला आणखी जवळ नेला.

"ही वेगळीच दिसतेय गं. केवढीशी झालीय. आजारी आहे का?"

"नाही," रॉझ म्हणाली. "हीच तुझी आई. आत्तापर्यंत तू बघत होतीस ती नव्हे."

"रॉझ!" हॉवर्ड ओरडला. "बाहेर हो!"

"तूच हो बाहेर! चष्मा पुसत बस जा." आणि रॉझने जोअ‍ॅनला सगळं सांगितलं. किल्ली, कुलूप, बाटली, मेणातली गाठ, काहीही गाळलं नाही. क्रिंगलच्या खोक्याची दोरीसुद्धा अजून कोणी सोडली नव्हती.

जोअ‍ॅन एका हाताने टेबल धरून उभी होती. "म्हणजे इतकी वर्षं मी हाय म्हणत होते ते कोणाला?"

ती हॉवर्डकडे वळली.

"हॉवर्ड, तुला विचारतेय मी."

"जोअ‍ॅन, हे इतकं सोपं नसतं. तुझी केस वेगळी असू शकते. तुझ्या गाठीत कुलूप असेलही कदाचित."

"असेलही? माझ्या गाठीचा तुकडा तुम्ही महिन्यापूर्वी काढून नेलात. मला टेबलावर आडवं करून, सुई खुपसून. तो कुठाय?"

हॉवर्डने रॉझकडे पाहिलं.

"फ्रीजरमध्ये," रॉझ म्हणाली. "पडून आहे. उघडायला परवानगी नाही."

जोअ‍ॅनचा चेहरा लालबुंद झाला. "आईच्या नावाची बाटली रोज उठून बघता, तिला खाऊपिऊ घालता, तिच्यावर पुरस्कार घेता. आणि मी इथे जिवंत उभी आहे, तर माझा तुकडा उघडून बघायला तुम्हाला फुरसत नाही? लाज कशी वाटत नाही रे तुम्हाला?" तिने खुर्ची ओढली, फ्रीजरसमोर ठेवली आणि क्रिंगलचा खोका मांडीवर घेऊन बसली. "उघड, रॉझ. माझं आहे ते. मी देतेय परवानगी."

"नियमांप्रमाणे..." हॉवर्डने तोंड उघडलं.

"खड्ड्यात घाल तुझे नियम. आणि क्रिंगलला कोणी हात लावायचा नाही. आईसाठी आणलाय तो."

रॉझने जाड हातमोजे चढवले आणि फ्रीजर उघडला. हॉवर्ड आडवा आला नाही. तेवढी हिंमत त्याच्यात नव्हती.

उत्तर शुक्रवारी आलं. रॉझने आकडे दोनदा तपासले, एक शिवी हासडली आणि फोन लावला.

"कुलूप नाही, जोअ‍ॅन. तुझ्या गाठीवर ते औषध चाललं नसतं."

पलीकडे माशांच्या तळणीचा आणि ग्लासांचा आवाज येत होता. शुक्रवारी ती नेहमीसारखी मंडळींसोबत फिश फ्राय खायला गेली होती. ती म्हणाली, "केमोच्या डॉक्टरांना फोन करते. सोमवारी जागा आहे का बघते."

"लगेच कर."

"करते गं." पण तिने फोन ठेवला नाही. "म्हणजे मी आईवरच गेलेय. माझ्या खऱ्या आईवर."