कापलेल्या पायांचा नंदी

मी एक जुना लाकडी नंदी आहे. वयानं नव्हे. आपल्याकडे काम संपलं की कोणालाही जुना म्हणतात, तसा जुना. मित्रांनो, तुमच्यापैकी काहींनी मला टीव्हीवर पाहिलं असेल. शेतातून मान हलवत येणारा, कोणी न ओढता आपला आपण चालणारा नंदी. तुम्ही टाळ्याही वाजवल्या असतील. आता खरं ऐका. मी एक पाऊलही चाललो नाही. मला चालवलं, आणि चालवता यावं म्हणून आधी माझे चारही पाय कापले.

मी शिरपूरचा. पुंजाजी मिस्तरीच्या हातचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या भागात तान्हा पोळा भरतो. आदल्या दिवशी खऱ्या बैलांचा मान, दुसऱ्या दिवशी पोरांच्या लाकडी बैलांचा. आमच्या पायांखाली चाकं असतात; पोरं आम्हाला दोरी लावून मारुतीच्या पारापर्यंत ओढत नेतात, घरोघरी जाऊन बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. त्या एका दिवसासाठी पुंजाजी वर्षभर आंब्याचं लाकूड तासतो. आम्हाला डोळे रंगवतो, शिंगं रंगवतो, पण खांदा कोराच ठेवतो. तिथं लोक हळद-तूप लावतात. कोऱ्या लाकडात ते मुरतं.

पण गेली काही वर्षं आम्हाला कोणी विचारेना. बाजारात प्लास्टिकचे बैल आले. बटण दाबलं की डोळ्यांत दिवा लागतो आणि पोटातून गाणं वाजतं. पुंजाजीच्या फळीवर नंदी साठत गेले. एक दिवस जेवताना तो म्हणाला, "यंदा नाई गेले तं रंधा-पटाशी इकून टाकतो. मालेगावले प्लायवूड कापाले जातो."

रंगूबाई, त्याची बायको, वाढता वाढता थांबली. सून वैजयंती मात्र बोलली.

"जाहिरात करू, मामाजी."

लहानपणी मामाच्या घरच्या टीव्हीवर वैजयंतीनं एक जाहिरात पाहिली होती. तिच्यात खेळणी आपली आपली चालायची, एकमेकांना धक्के द्यायची. ते कसं करतात हे तिनं फोनवर शोधून शोधून काढलं. शिकवणारा कोणी नव्हता. खेळणं केसभर सरकवायचं, फोटो काढायचा. पुन्हा केसभर सरकवायचं, पुन्हा फोटो. असे ढीगभर फोटो एकामागून एक पळवले की खेळणं चालू लागतं. मालेगावचा खेळण्यांचा दुकानदार विकास तयार झाला. केबलवर जागा त्याच्या दुकानाच्या नावानं, जाहिरात वैजयंतीची, बैल पुंजाजीचे. सगळा माल त्यानं टेम्पोत भरून नेला. घरात उरलो मी एकटा, जाहिरातीसाठी.

मग ती म्हणाली, "मामाजी, याचे पाय कापा लागन."

पुंजाजीच्या हातातली पटाशी थांबली. "काय मनली?"

"चाकं काढा, पाय मांडीतून कापा, मानबी कापा आन् आत खिळी टाका, घट्ट. मी वाकोला तसा वाकला पाह्यजे. सोडला तिथं राह्यला पाह्यजे."

"पोळ्याच्या तोंडावर बैलाचे पाय कापाले सांगून राह्यली? डोकं ठिकाणावर हाय का तुह्यं?"

चुलीपाशी बसलेल्या रंगूबाईनं मान न वळवता टोला हाणला. "कापा मनते तं कापा ना! तुमच्या बिनकापलेल्या बैलायले कोन विचारून राह्यलं?"

त्यानं कापले. करवत चालली तेव्हा त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. खिळी ठोकून त्यानं मला उभं केलं, तेव्हा मी उभा राहिलो खरा, पण आतून ढिला. दोरी लावून ओढलं तर पडणारा. पोरांच्या कामाचा मी उरलो नव्हतो.

नंतरचे दिवस आठवले की मला अजून चीड येते. कोणावर, ते सांगतोच पुढे. वर्कशॉपच्या खिडकीला बारदाना ठोकला. उन्हाचा कवडसा सरकला तर फोटोतला उजेड बदलतो, म्हणून एकच बल्ब ठेवला. पंखा बंद, कारण माझ्या गळ्यातला गोंडा हलतो. फोन पुंजाजीच्या शिकंज्यात आवळून धरलेला. शेत केलं लाकडाच्या भुशाचं. नांगरलेल्या तासांसारखे तास वैजयंतीनं काडीनं ओढले. नाकातोंडाला ओढणी बांधून ती माझ्यावर वाकायची, पाय केसभर उचलायची, श्वास धरून मागं सरायची, फोटो काढायची. एकदा पुंजाजी दारात शिंकला आणि अर्धं शेत उडालं.  वैजयंतीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती पुन्हा काडी घेऊन खाली बसली. त्या दिवसापासून दारावर हुकूम लागला. आत कोणी यायचं नाही. नंदीला हात लावायचा नाही.

पोळ्याचा आदला दिवस उजाडला. जाहिरात संध्याकाळी केबलवर लागायची होती. त्या दिवशी लागली नाही तर काही उपयोग नव्हता, तान्हा पोळा सरल्यावर नंदी कोण घेतं? जाहिरातीत मी शेत ओलांडून अंगणाच्या दारापर्यंत आलो होतो. तिथं मान झुकवायची, एवढंच राहिलं होतं. तेवढ्यात लाइट गेली. वैजयंती फोन शिकंज्यात तसाच ठेवून शेजाऱ्यांकडे लाइटचं विचारायला गेली.

आणि रंगूबाई आत आली.

मित्रांनो, तिला दोष देण्याआधी एक समजून घ्या. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणी असते. वर्षभर जू ओढून बैलाचा खांदा सोलवटतो, त्याला हळद-तूप चोळतात आणि दुसऱ्या दिवसाचं जेवणाचं आवतन देतात. सुताराच्या घरी खरे बैल नसतात. रंगूबाई दरवर्षी फळीवरचा एखादा नंदी घेऊन त्याचे खांदे मळायची. यंदा सगळे विकासच्या दुकानात गेले होते. घरात बैल एकच होता. मी.

तिनं अंधारात वाटीतलं हळद-तूप दोन्ही खांद्यांना चोळलं. कापल्या पायांवरूनही हात फिरवला. म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आणि गेली. मला वर्षभरात कोणी एवढ्या मायेनं हात लावला नव्हता, आणि त्याच हातानं सगळ्याची माती केली.

लाइट आली. वैजयंती आली. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि किंचाळली.

"आत्याबाई! हे काय केलं?"

"काय म्हंजे? खांदमळणी!"

"अहो, मागच्या सगळ्या फोटोत खांदा कोरा हाय! आता एकदम पिवळा दिसन. लोक मनतीन बैल बदलला!"

पुंजाजी धावत आला. पॉलिश पेपर घेऊन त्यानं खांदा घासून पाहिला. घासला तिथं फिकट चट्टा पडला, पिवळं तसंच. कोऱ्या लाकडात मुरतं, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत! तो पेपर फेकून खाली बसला.

"झालं. इकतो रंधा. मिटली कटकट."

रंगूबाई भिंतीला टेकून उभी.   वैजयंतीनं पुढं होऊन सासूचं मनगट धरलं आणि तिला माझ्याजवळ आणून बसवलं.

"वाटी घ्या. पहिल्यापासून लावा."

"पुन्हा लावू? पोरी, येडी झाली का?"

"आत्ता लावलं तसंच. पन मी थांबा मनलं की थांबायचं."

या कामाचा पहिला नियम असा की माणसाचा हात दिसता कामा नये. हात दिसला की खेळणं मेलं. वैजयंतीनं तो नियम मोडला. चट्ट्यावर भुसा चोळून तिनं खांदा जमेल तेवढा झाकला आणि रंगूबाईचा हात केसाकेसानं माझ्याकडे आणला. बोट टेकलं, फोटो. बोट सरकलं, फोटो. 

"शास घेऊ का नको वं?"

"हळू घ्या."

"मुंगी चढून राह्यली पायावर."

"चढू द्या!"

मी मान झुकवली ती त्या हाताखाली. शेवटचा फोटो निघाला तेव्हा तिघांच्या अंगावरून घामाच्या धारा चालल्या होत्या. फोटो एकामागून एक पळवले तेव्हा पुंजाजीनं दोनदा पाहिलं आणि उठून बाहेर गेला.

मग विकास आला. बगलेत खोकं घेऊन आला. जाहिरात पाहिली, कपाळाला आठी घातली.

"हा बुढीचा हात कायले आला? काढ. आन् शेवटी हा ठेव." खोक्यातून त्यानं प्लास्टिकचा बैल काढला. डोळ्यांत लाल दिवे लागले, पोटातून हिंदी गाणं सुरू झालं. "याची शंभर खोकी पडून हायेत माह्याजवळ."

वैजयंती म्हणाली, "म्हंजे चालनार आमचा, इकनार तुमचा?"

"तुमचाबी इकू की. मांगं ठेवला हाय."

"मांगं कुठं?"

विकासनं बैलाचं गाणं बंद केलं. म्हणजे आमचा माल त्यानं दुकानात मांडलाच नव्हता. पुंजाजी हात जोडायला निघाला. "ठेव पोरी, ठेव त्याचा बैल. नाई तं तो लावनारच नाई."

"हात खाली घ्या, मामाजी," वैजयंती म्हणाली. "विकासभाऊ, तुमी दुकानात जा. जाहिरात मी नेऊन देतो केबलवाल्याले."

"बैल ठेवशीन ना?"

"बैल हायेच तिच्यात."

तो हसत गेला. त्याला वाटलं, बाई वाकली.

वैजयंतीनं मला पिशवीत घातलं आणि शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर मागं बसून मालेगाव गाठलं. केबलवाला ऋषिकेश मशीनपुढं बसला होता. जाहिरात पाहून त्यानं मान खाजवली. "वैनी, विकासभाऊ तं फोनवर प्लास्टिकच्या बैलाचं बोलत होता."

"दुकानाचं नाव त्याचं हाय ना खाली?"

"हाय."

"बैल कोन्ता पाह्यजे ते तुले लेखी देल्लं का त्यानं?"

"लेखी कोन देते इथं!"

"मंग लाव."

ऋषिकेशनं फोनकडे पाहिलं. विकासला विचारावं की नाही, हा प्रश्न त्याच्या तोंडावर दिसत होता. मग त्यानं पुन्हा एकदा जाहिरात पाहिली. म्हातारीचा हात माझ्या खांद्यावर आला तिथं तो थांबला. "माही मायबी अशीच मळे," तो म्हणाला, आणि लावली.

दुसऱ्या दिवशी दुकानापुढं गर्दी. विकासनं सकाळी फोनवर वैजयंतीला शिव्या घातल्या आणि त्याच दमात म्हणाला, "तो टीव्हीवाला नंदी आनून ठेव काउंटरवर." म्हणून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं. तांड्यावरची रुपाबाई पोरीला घेऊन आली होती. विकासनं तिच्यापुढं लाल दिव्यांचा बैल ठेवला.

"हा नाई. तो दे. हळदीचा."

"अवं, याच्यात गानं वाजते!"

"बैलाले गानं कायले पाह्यजे? खांदा पाह्यजे."

तिच्यामागून दुसरी बोलली, तिसरा बोलला. विकासला दुकानाच्या कोपऱ्यातलं पोतं ओढून बाजूला करावं लागलं. पोत्यामागून माझे भाऊ निघाले, धुळीनं माखलेले. दुपारपर्यंत एकही उरला नाही. संध्याकाळी तो लोकांना सांगत होता, "जाहिरात आपलीच! आयडिया आपलीच!" असली माणसं अशीच असतात, मित्रांनो. त्यांना ओळखून ठेवा.

पुंजाजीनं रंधा विकला नाही. यंदाही आंब्याचं लाकूड तासतोय. मला त्यानं काचेच्या कपाटात ठेवलं आहे. लोक येतात, माझ्याबरोबर फोटो काढतात, "काय भारी" म्हणतात आणि रिकाम्या हातानं जातात. माझी चीड आहे ती यांच्यावर. काचेतला नंदी पाहून कौतुक करायला पैसा लागत नाही, मनही लागत नाही.

मला जपू नका. मी कामाचा राहिलो नाही. शेजारच्या फळीवर धडधाकट पायांचे उभे आहेत, त्यांतला एक न्या. दोरी बांधा, गोट्यांतून ओढा, चिखलात लोळवा. शिंग मोडलं, चाक निघालं तर उकिरड्यावर फेकू नका, पुंजाजीकडे आणा. मोडका नंदी दारात आला की तो पहिल्यांदा त्या पोराला शिव्या देतो, मग पाट सरकवून बसायला सांगतो आणि पटाशी उचलतो. त्या दारात मोडक्या नंदींची रांग लागली पाहिजे. आणा मोडून.