अर्धवट ड्रायव्हर आणि जीवरामनानांचं वावर

मी एक लॅपटॉप. मूळचा एका कंपनीतला. तिथल्या साहेबांनी ‘हळू झालाय’ म्हणून मला कोपऱ्यात टाकलं. डिंपलनं मला मागून घेतलं, माझ्यात लिनक्स घातलं आणि मी पुन्हा धावायला लागलो. हळू साहेब होते, मी नव्हतो.

माझ्या बॅटरीनं मात्र केव्हाच राम म्हटलाय. चार्जरची पिन निघाली की मी जागीच आडवा होतो.

डिंपल जळगावात ठिबक सिंचनाचे आराखडे काढते. नोकरी सोडून तिनं स्वतःचं काम सुरू केलं आणि पहिलं मोठं काम आलं ते तिच्या सासऱ्यांच्या, अभिमनआबांच्या गावाहून. गाव चोपड्याजवळ. केळीवाल्यांची सामाईक पाइपलाइन टाकायची होती. आबांनी सुनेसाठी गावात शब्द टाकला होता. पण तिनं फोनवर आराखडा पाठवला आणि भांडणं लागली, कारण जो तो फक्त आपलंच वावर, आपलंच शेत मोठं करून बघत होता. पाइपलाइनच्या शेवटच्या टोकाला होते जीवरामनाना. शेवटच्या माणसाला पाणी पोचत नाही, म्हणून त्यांनी सरळ नकार दिला. मग डिंपलनं ठरवलं, दसऱ्यानंतर आबांच्या ओसरीवर टीव्ही लावून सगळा आराखडा एकदम दाखवायचा. त्या दिवशी जमलं नाही तर काम गेलं, आणि आबांचा शब्दही गेला.

दसऱ्याला आबा जळगावला आले होते. सकाळी डिंपल स्वयंपाकघरात होती आणि माझं अपडेट चाललेलं. कर्नल, म्हणजे माझ्या लिनक्सचा गाभा, नवा आला होता. बाहेरच्या पडद्याशी बोलणी करणारा ड्रायव्हर अजून बसत होता. आबांनी पूजेचं ताट आणलं आणि माझा पंखा ऐकून त्यांचं मन खट्टू झालं. "चालू हत्यारनी पूजा करतस का?" असं पुटपुटत त्यांनी पिन उपटली. मग कुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं, हात जोडले. इतक्या मायेनं मला कुणी मारलं नव्हतं.

नंतर डिंपलनं मला सुरू केलं. माझा स्वतःचा पडदा झकास लागला, त्यामुळे तिला शंकाही आली नाही.

बैठकीला ओसरी भरली. वायर जोडली, तर टीव्ही काळाच. डिंपलनं वायर उलटसुलट करून पाहिली. त्याच वायरीवर सेट-टॉप बॉक्सचं चित्र स्वच्छ आलं, म्हणजे टीव्ही आणि वायर दोन्ही निर्दोष. नाना काठी घेऊन उठू लागले. डिंपलनं त्यांना हात जोडून थांबवलं आणि मला विचारलं, किती पडदे दिसतात? मी खरं तेच सांगितलं, एकच. मग ड्रायव्हर पाहिला, तर नव्या कर्नलसाठी तो बसलेलाच नव्हता. नोंद सांगत होती की दसऱ्याच्या सकाळी अपडेट मध्येच तुटलं.

तिनं हळूच आबांकडे पाहिलं. आबांना समजलं.

"पिन मीच काढी व्हती," ते सगळ्यांदेखत म्हणाले. "पोरीनी चूक नही."

डिंपलनं मला बंद केलं आणि सुरू होताना माझ्यात अजून असलेला जुना कर्नल निवडला. त्याचा ड्रायव्हर माझ्याकडे शाबूत होता. मी तो उचलला आणि टीव्हीवर सगळा शिवार उमटला.

नाना टीव्हीजवळ आले. "माले मन्हं वावर दखाड."

तिनं दाखवलं, तिथवर पुरेसा पोचणारा पाण्याचा दाबही दाखवला. नानांनी बोट ठेवलं. मग ते बोट पुढे सरकलं, रंग न भरलेल्या एका तुकड्यावर. "हाई कोनं वावर शे?"

"वच्छलाबाईंचं. तिथं पाइप न्यायचा तर तुमच्या वावरातून न्यावा लागतो, नाना. तुम्हाला विचारायची कुणाची हिंमत झाली नाही. माझीही नाही."

वच्छलाबाई दाराशी चपलांजवळ बसल्या होत्या. त्यांनी मान खाली घातली. नानांनी आपल्या वावरावरून बोट ओढत त्या तुकड्यापर्यंत नेलं.

"मन्हा वावरम्हाईन पाइप पुढे न्या," ते म्हणाले.

डिंपलनं तिथंच आराखड्यात मोठ्या मापाचा पाइप घेतला आणि निळी रेघ पुढे ओढली. वच्छलाबाई उठल्या आणि सगळ्यांच्या रांगेत येऊन बसल्या.

जळगावला परतल्यावर माझं अर्धवट अपडेट पुरं झालं. आता मी नव्या कर्नलवरही दोन-दोन पडदे चालवतो. काम वाढलंय, डिंपल नवा लॅपटॉप घ्यायचं म्हणते. खुशाल घ्यावा, माझी हरकत नाही. फक्त त्या गावाची फाइल माझ्यातून हलवण्याआधी तिनं ती एकदा मोठ्या पडद्यावर उघडावी. वच्छलाबाईंच्या वावरात शिरलेली ती निळी रेघ मला अजून एकदा डोळे भरून बघायची आहे.