हिरव्या पडद्यामागचा स्नायपर

कात्रीमामांच्या सलूनच्या काचेचा पहिला टवका उडाला, तेव्हा मामांनी गिऱ्हाइकाच्या टकलाला दोष दिला. टक्कल इतकं लखलखीत होतं की त्याच्या तिरिपेनेच काच तडकली, असं ते छातीठोकपणे सांगत. दुसरा टवका उडाला तेव्हा मात्र खुर्चीत भरघोस केसांचा माणूस होता. मामांची पंचाईत झाली.

दाढीला आलेल्या रिटायर्ड हवालदारांनी काचेवरून बोट फिरवलं, खुर्चीत येऊन मान मागे टाकली आणि आवाज खाली आणला. "मामा, हे स्नायपरचं काम."

"कोण हा? राहतो कुठे?"

"ते कळलं तर तो स्नायपर कसला! अहो, पाणथळीत स्नाइप नावाचा एक बारका पक्षी असतो, उडतो नागमोडी. त्याला टिपणं म्हणजे दिव्यच. जो टिपायचा, त्याला त्या पक्ष्यावरून इंग्रजीत हे नाव पडलं. बंदूक काय, कोणीही उडवतो. स्नायपर लपतो, दम धरतो आणि एकदाच मारतो. मरणाऱ्यालाही कळत नाही, गोळी कुठून आली."

मामांच्या हातातला वस्तरा हवालदारांच्या गळ्यापाशी थबकला. "आधी वस्तरा बाजूला घ्या," हवालदार म्हणाले.

सलूनमध्ये पडलेला शब्द तासाभरात बाजारभर होतो. ऑफिसातला कारकून म्हणाला, साहेबाकडे निनावी चुगल्या करणारा आमच्याकडेही एक स्नायपर आहे. मोबाइलवाला म्हणाला, ऑनलाइन लिलावात शेवटच्या क्षणी बोली लावून माल पळवणाऱ्यालाही तेच म्हणतात. दूधवाल्याने तर मधेच एक टोमणा मारून गप्प बसणाऱ्या आपल्या वहिनीलाही त्यात बसवलं. हवालदार कळवळून सांगत होते, "अरे, शब्दाची काही इज्जत ठेवा!" पण ऐकतो कोण.

मामांना मात्र झोप येईना. जो तो त्यांना संशयित दिसू लागला. आणि नेमका रविवारी मुलीच्या लग्नाच्या बोलणीचा बेत. मुलगा समोरच्या घड्याळजींचा. पोरांनी एकमेकांना कधीच पसंत केलं होतं, आता फक्त मोठ्यांनी हो म्हणायचं बाकी होतं.

शनिवारी पुन्हा 'टिच्' झालं. मामांचं उभं आयुष्य आरशाकडे तोंड करून गेलेलं. रस्त्यावर कोण आलं, कोण गेलं, सगळं ते मान न वळवता आरशातच बघत. त्यांनी पाहिलं, समोरच्या इमारतीत डाव्या खिडकीचा हिरवा पडदा हलला. मामा तीरासारखे दारात आले, समोर तोंड केलं आणि डाव्या खिडकीकडे बघितलं. पडदा हिरवाच, आणि फटीतून घड्याळजी! एक डोळा मिटलेला, दुसऱ्यावर काळी नळी, कोपरं टेकलेली, श्वास रोखलेला.

"व्याही!" मामांच्या तोंडून नुसती हवा निघाली.

रात्री बायकोने समजावलं, "अहो, ते भिंग असतं. घड्याळं दुरुस्त करतात ते."

"भिंगाआड काय करतात, तू बघायला गेली होतीस?"

"आणि ते काच कशाला फोडतील?"

"दुकान बंद पाडायचं. मग आपण नरमतो. मग मुलीकडचे म्हणून खाली मान घालून उभे!"

"तुमच्या मानेला आरशाशिवाय दुसरं काही दिसतं का?" बायको कूस बदलून झोपली.

रविवारी घड्याळजी केकचा डबा घेऊन सलूनमध्येच आले. पुढे दोघांनी मिळून रस्त्यापलीकडे मामांच्या घरी जायचं होतं; तिथे मामांची बायको आणि सासूबाई वाट बघत होत्या. मुलगी नव्या कपड्यांत बाकावर बसली होती. हवालदार विनाकारण हजर होते. घड्याळजी म्हणाले, "मग काय मामा, निघायचं?"

"आधी खिशात काय आहे ते दाखवा," मामा म्हणाले.

"बाबा!" मुलगी ओरडली.

"तू गप्प बस. हा माणूस पडद्याआडून माझ्यावर नेम धरतो. मी या डोळ्यांनी पाहिलंय, डाव्या खिडकीत!"

घड्याळजींचा चेहरा उतरला. दोन्ही हातांत डबा तसाच. "तीस वर्षं समोर राहतोय," एवढंच ते बोलले आणि दाराकडे वळले. मुलीच्या डोळ्यांत पाणी तरारलं.

आणि 'टिच्'! काचेचा आणखी एक टवका.

सगळ्यांनी घड्याळजींकडे पाहिलं. ते आत, डबा हातात. हवालदारांनी मामांना खांद्याला धरून आरशापुढे उभं केलं. "कुठे दिसलं होतं पडदा हललेला?" मामांनी आरशात डावीकडे बोट दाखवलं. हवालदारांनी ते बोट त्याच भिंतीच्या बाजूला धरून ठेवलं आणि मामांना गर्रकन रस्त्याकडे फिरवलं. डावी बाजू आता उजवी झाली, आणि बोट सरळ उजव्या खिडकीवर गेलं. ती खिडकी मामांच्या स्वतःच्या घराची होती. पडदेही एकाच ताग्यातले, दोघांच्या बायकांनी मिळून घेतलेले.

पडदा बाजूला झाला. खिडकीत मामांच्या सासूबाई, हातात गलोल.

"जावईबापू, दुकानाच्या पाटीवर कबुतरं बसतात हो! गिऱ्हाइकांच्या डोक्यावर घाण करतात!"

"ही स्नायपर?" हवालदार कळवळले. "इतके नेम चुकलेली?"

तोवर सासूबाई जिना उतरून, रस्ता ओलांडून सलूनमध्ये आल्या. गलोल घड्याळजींपुढे धरून म्हणाल्या, "खडे माझे, जीभ जावयाची. यात पोरीचं काय चुकलं?"

मामांनी हात जोडले. घड्याळजी दाराकडून परत फिरले. मग त्यांनी डबा मुलीच्या हातात दिला, खिशातून भिंग काढून डोळ्याला लावलं आणि गलोल उलटसुलट करून पाहिली.

"एका बाजूचं रबर सैल पडलंय. म्हणून खडा खाली जातो. नवं बसवून देईन," ते म्हणाले, "लग्न उरकलं की."

मुलगी रडता रडता हसली. मामांच्या जिवात जीव आला. हवालदारांनी तर केकचा डबा उघडायलाही घेतला. पण मामांचं लक्ष सासूबाईंकडे गेलं. त्या कबुतरांकडे बघतच नव्हत्या. त्यांची नजर सलूनच्या खुर्चीमागे मामा रोज जिथे उभे राहत, त्या जागेवर स्थिरावली होती.

"आई," मामांनी हळूच विचारलं, "नेम कबुतरांवरच होता ना?"

"आता रबर नवं होणारच आहे," सासूबाई म्हणाल्या. "मग कळेलच की!"