गाण्याखाली राहिलेलं बोलणं

मित्रांनो, मला पाहून तुम्ही हमखास विचाराल, हा खटका पंख्याचा की दिव्याचा? दोन्हींचाही नाही. मी मिक्सरवरचा फेडर आहे आणि आता बराच जुना झालोय. मिक्सर म्हणजे स्वयंपाकघरातला नव्हे बरं का, वेगवेगळे आवाज एकत्र करायचा. त्यावर उभ्या खाचा असतात आणि प्रत्येक खाचेत माझ्यासारखी एक सरकती गुंडी असते. वर सरकवली की आवाज वाढतो, खाली ओढली की कमी होतो. वर आणि खाली, एवढंच काय ते माझं आयुष्य.

मी जन्मलो कारखान्यात. तिथे डोक्याला पांढरी टोपी घातलेली एक बाई आम्हा प्रत्येकाला पन्नास वेळा वरखाली सरकवून बघायची. जो खरखर करील तो बाजूला. मी खरखर केली नाही, म्हणून खोक्यात बसून मास्तरांच्या खोलीत आलो.

मास्तर व्हिडिओचे तुकडे जोडून, त्यावर गाणं चढवून द्यायचे. त्यांची खोली एका शिंप्याच्या दुकानावर होती. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, टेबलावर संगणकाचे दोन पडदे आणि समोर एक चाक रुसलेली खुर्ची. मिक्सरवर आम्ही आठ जण होतो. चौथ्याकडे माणसांचं बोलणं दिलं आणि माझ्याकडे, पाचव्याकडे, गाणं. काम बारा महिने असायचं. कोणी निवृत्त झालं, कोणाच्या दुकानाला पन्नास वर्षं झाली, शाळेचं संमेलन झालं, की माणसं मास्तरांकडे यायची.

माझं काम नीट समजून घ्या. व्हिडिओत मागे गाणं वाजत असतं आणि मध्येच कोणीतरी बोलायला लागतं. बोलण्याआधी माणूस श्वास घेतो ना, तेवढ्या वेळात मास्तर मला अलगद खाली ओढायचे. बोलणं संपलं की हळूहळू वर. इतकं अलगद, की ऐकणाऱ्याला पत्ताही लागू नये. लोक म्हणायचे, "मास्तर, गाणं काय सुंदर लावलंय." मी खाली गेलो म्हणून कोणी कधी माझं कौतुक केलं नाही. खरं सांगतो, मला याचं वाईट वाटायचं. आपण वर असलो की वाहवा आणि खाली गेलो की कोणी विचारत नाही, असं माझ्या मनानं घेतलं होतं.

काम पुरं व्हायच्या आधी मास्तर बायकोला बोलावायचे. तिला सगळे काकू म्हणत. काकू पडद्याकडे पाठ करून बसायच्या, मांडीवरच्या सुपात मटार सोलत. व्हिडिओ चालू करून मास्तर विचारायचे, "सांग, काय म्हणाले ते?"

"म्हणाले, साहेब मला कधी रागावले नाहीत," काकू सांगायच्या. "खोटं बोलतायत, पण ऐकू आलं."

कधी म्हणायच्या, "'माझ्या यशामागे' एवढं कळलं. मागे कोण होतं ते बासरीनं खाल्लं." की मास्तर मला आणखी खाली ओढायचे.

एकदा काकूंनी विचारलं, "अहो, तुम्हाला स्वतःला कळत नाही का?"

"नाही कळत," मास्तर म्हणाले. "मी हे चाळीस वेळा ऐकलेलं असतं. शब्द पाठ झाले की कान कामाला लागतच नाही. शब्द ऐकू आले नाहीत तरी मला वाटतं, आले."

हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरीही जे व्हायचं ते झालंच.

त्यांच्या एकुलत्या एका लेकीला दूर देशात नोकरी लागली. ती निघायच्या आठवडाभर आधी काकू खोलीत आल्या आणि म्हणाल्या, "मला पोरीशी थोडं बोलायचंय. तिच्यासमोर बोलले तर रडू फुटेल. तुमच्या कॅमेऱ्यासमोर बोलते."

अकरा मिनिटं बोलल्या. वेळेवर जेव, ओल्या केसांनी बाहेर जाऊ नकोस, बाबा फोनवर बोलत नाहीत म्हणून रागावू नकोस. शेवटी थांबल्या, श्वास घेतला आणि म्हणाल्या, "आणि एक सांगते." पुढचं त्या कॅमेऱ्याकडे वाकून इतकं हळू बोलल्या, की टेबलापर्यंत पोचलं नाही. तेवढं बोलून उठल्या आणि डोळे पुसत खाली गेल्या.

मास्तरांनी ठरवलं, याचा असा सुंदर व्हिडिओ करायचा की मायलेकी दोघी थक्क होतील. काकूंच्या आवडीचं एक गाणं घेतलं. त्यात एक बाई सुरुवातीपासून शेवटपर्यंत नुसती गुणगुणत होती. शेवटच्या वाक्यावर त्यांनी लेकीचे लहानपणचे फोटो लावले, त्यामुळे तिथे काकूंचे ओठही दिसेनात. आता ऐकून सांगणार कोण? काकूंना दाखवलं तर गंमत जाणार. खालच्या शिंप्याला हाक मारता आली असती, पण घरातलं बोलणं शेजाऱ्याला काय ऐकवायचं, म्हणून मास्तरांनी स्वतःच ऐकलं. एकूण एक शब्द त्यांना लख्ख ऐकू आला. फोटो सुरू झाले तसं त्यांनी मला वर सरकवलं, आणखी वर.

आणि मित्रांनो, कबूल करतो, मला आनंद झाला. म्हटलं, चला, एकदा तरी घरच्या कामात आपण वर.

निघायच्या दिवशी तिघांनी मिळून व्हिडिओ पाहिला. लेक तर पहिल्या मिनिटापासूनच रडत होती. तिला वाटलं, शेवटचं नीट कळलं नाही, पण आईला नंतर विचारू. काकूंनीही विचारलं, "शेवटी गाणं जरा मोठं झालंय का हो?"

"अगं, स्पष्ट ऐकू येतंय की."

"हो, येतंय खरं," काकू म्हणाल्या. त्यांना येणारच. शब्द त्यांचेच होते.

पुढच्या आठवड्यात एका शाळेचं काम आलं. कॅमेऱ्यातलं जुनं पुसून नवं भरायचं, ही मास्तरांची नेहमीची रीत. पुसलं. काकूंचं गाण्याविना बोलणं तेवढ्या एकाच ठिकाणी होतं.

दीड वर्षानं काकूंना ताप आला आणि चार दिवसांत त्या गेल्या. लेक विमानात होती तेव्हाच सगळं संपलं होतं. ती पंधरा दिवस राहिली आणि परत गेली. आईला काही विचारायचं राहिलंय, हे त्या गडबडीत तिच्या ध्यानातही आलं नाही.

महिनाभरानं तिचा फोन आला. "बाबा, आईचा व्हिडिओ लावला होता. 'आणि एक सांगते' इथपर्यंत कळतं. पुढे नुसतं गाणं आहे. काय म्हणाली ती?"

"असं कसं? सगळं स्पष्ट आहे. थांब, लावतो."

त्यांनी लावला. दीड वर्षात तो व्हिडिओ त्यांनी एकदाही पाहिला नव्हता. डोक्यातले शब्द केव्हाच निघून गेले होते, आणि पहिल्यांदाच त्यांना ते ऐकू आलं जे दुसऱ्यांना ऐकू येत होतं. गुणगुणणारी बाई, आणि तिच्याखाली कोणीतरी काहीतरी बोलतंय एवढंच.

त्यांनी मला झटकन खाली ओढलं. गाणं खाली गेलं, पण त्याबरोबर काकूही खाली गेल्या. वर नेलं तर दोघी वर आल्या. तयार व्हिडिओत बोलणं आणि गाणं एकच होऊन बसलं होतं, मी तरी कोणाला कोणापासून सोडवणार? संध्याकाळपर्यंत मास्तर मला वरखाली करत राहिले. मी तेव्हा पहिल्यांदा खरखरलो. पुढे त्यांनी आवाज वेगळे काढणाऱ्या लोकांकडेही व्हिडिओ पाठवून पाहिला. पण गुणगुणणारीही बाईच, तीही हळूच. तिला काढायला गेलं की काकूही निघून जायच्या.

त्यानंतर मास्तरांनी कामं घेणं सोडलं. आमच्यावर एक जुनी चादर टाकली. माझ्या खाचेत धूळ साचली. दोन वर्षं कोणाचं बोट मला लागलं नाही. मी तक्रार केली नाही. कोणत्या तोंडानं करणार?

मग लेक आली. चादर काढून ती रुसलेल्या खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "बाबा, फोनवर तुम्ही विषय बदलता. आता सांगा."

मास्तर भिंतीवरच्या गादीचा सुटलेला कोपरा दाबून बसवू लागले. "चार चांगले शब्द जुळवून सांगणार होतो," ते म्हणाले. "येताना जिन्यात जुळवलेही. पण ते तिचे नाहीत. मला आठवत नाही गं. मला वाटलं होतं, पाठ आहे."

लेक रडली नाही. "मीसुद्धा दीड वर्षात तिला विचारलं नाही," एवढंच म्हणाली. रोज तर फोन करत होते, आज नाही उद्या विचारू म्हणत राहिले, असं काहीसं पुटपुटली.

मग तिनं कॅमेरा उभा केला. "आता तुम्ही बोला. गाणं नको."

"मी काय बोलू?"

"येईल ते. मी घेऊन जाणार आहे."

तिनं बोट ठेवून मला थेट तळाशी नेलं. मास्तर खोकले, मग बोलले. गुडघा दुखतो म्हणाले. घर मोठं वाटतं म्हणाले. तुझ्या आईचं बोलणं माझ्या हातून गेलं, मला माफ कर, म्हणाले. आवाज फुटत होता, मधूनच खालून शिंप्याचं यंत्रही ऐकू येत होतं. पण एकूण एक शब्द कळत होता.

मित्रांनो, मी स्वतःहून खाली जाऊ शकत नाही. बोट नेईल तिथे जातो. म्हणून तुम्हाला विनवतो, घरातलं माणूस बोलायला लागलं की गाणं खाली घ्या. कळलं नाही तर तिथल्या तिथे विचारा, नंतरवर ठेवू नका. आणि शब्द ज्याला पाठ आहेत, त्याच्या कानावर भरवसा ठेवू नका, तो कान तुमचा स्वतःचा असला तरी.

ते वाक्य काय होतं, असं तुम्ही मला विचाराल. मी तिथेच होतो, सगळ्यांत जवळ. पण मलाही ते ऐकू आलं नाही. मी त्या वेळी वर होतो.