तिसरा रकाना

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी महिला कल्याणमंत्र्यांनी कंत्राटी कामगार महिलांच्या संघटनेच्या दोन्ही मागण्या मान्य केल्या. बैठक अकराला सुरू झाली होती आणि पहिली चार मिनिटं पुष्पगुच्छात गेली होती. म्हणजे नऊ वर्षांच्या पाठपुराव्याला सहा मिनिटांत यश आलं.

टेबलाच्या अलीकडे तिघी बसल्या होत्या. संघटनेच्या अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे बाई म्हणतात. त्यांच्या शेजारी संघटनेचं काम फुकट पाहणारी वकील. आणि कडेच्या खुर्चीवर एका मोठ्या रुग्णालयात फरशी पुसणारी कंत्राटी कामगार. तिला सहावा महिना होता. तिला 'उदाहरण' म्हणून आणलं होतं. दोन मिनिटं बोलायचं, रडायचं नाही, असं आदल्या दिवशी तिला सांगून ठेवलं होतं.

रुग्णालयाचा ठेकेदार दर अकरा महिन्यांनी सगळ्यांची नावं कमी करतो आणि आठवड्याभराने पुन्हा लावतो. पोट दिसू लागलेल्या बाईचं नाव तेवढं पुन्हा लागत नाही. तिचे अकरा महिने तीस तारखेला भरत होते. म्हणून ती दोन मापं मोठा डगला घालून काम करत होती आणि सुपरवायझर समोर आला की बादली पोटाशी धरत होती. संघटनेची मागणी होती सव्वीस आठवड्यांच्या रजेची आणि हा हक्क कामाच्या पहिल्या दिवसापासून मिळावा, याची. ज्या बाईला हक्क, तिला गरोदरपणी काढता येणार नाही, एवढं सरकारने आधीच कबूल केलं होतं.

मंत्र्यांनी समोरचा कागद उचलला. "बारा आठवडे. मान्य. एक वर्ष सलग नोकरी झालेल्यांना. तेही मान्य. बोला, आणखी काय?"

बाईंनी वकिलिणीकडे पाहिलं. वकिलिणीने कागदाकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

झालं होतं ते असं. मंत्र्यांच्या खाजगी सचिवाने आठवड्यापूर्वी फोनवर बजावलं होतं, "साहेब एका पानापुढे वाचत नाहीत. एकच पान पाठवा." संघटनेची निवेदनं चाळीस पानांची असतात, परिशिष्टं वेगळी. वकिलिणीने रात्रंदिवस काटछाट करून सव्वादोन पानांपर्यंत मजल मारली होती. शनिवारी ती न्यायालयात असताना बाईंनी फाईल उघडली, तर आत एका पानाचा, सुबक तक्ता असलेला कागद दिसला. त्यांना पोरीचं कौतुक वाटलं. त्यांनी तो न वाचताच पाकिटात घातला आणि स्वतः नेऊन दिला.

नऊ वर्षांत संघटनेने एका पानात बसवलेली ती एकमेव गोष्ट होती. तिला आपसात 'पायऱ्या' म्हणत. बोलणी करायला जाताना वकील तो कागद पर्समध्ये ठेवी, बाहेर काढत नसे. त्यात तीन रकाने होते: मागायचं, चालेल, याखाली नाही. मंत्र्यांनी सरळ तिसरा रकाना वाचला होता.

"साहेब, हा कागद जुना आहे," वकील म्हणाली.

"तारीख परवाच्या शुक्रवारची आहे," सचिव म्हणाला. तो हसला नाही. त्याची नोकरीच तशी होती.

"अहो, तुमच्याच कागदावर तुम्ही म्हणता ते मी देतोय," मंत्री म्हणाले. "नाहीतर इथे येणारा प्रत्येक जण आकाशातला चंद्र मागतो. तुम्ही किती समंजस! फोटो घेऊ या. या ताई कोण? मध्ये या, मध्ये."

ताई मध्ये गेल्या. फोटोग्राफर म्हणाला, "डगला जरा मागे घ्या, म्हणजे कळेल." कुणीतरी तो मागे घेतला.

"साहेब," ती म्हणाली. तिची दोन मिनिटं कुणी दिली नव्हती, म्हणून तिने स्वतःच घेतली. "आमच्याकडे कुणाचंच एक वर्ष होत नाही. अकरा महिन्यांवर काढतात."

"काढतात? हा वेगळा विषय झाला," मंत्री म्हणाले आणि सचिवाकडे वळले. "कामगार खात्याला पत्र लिहा."

व्हरांड्यात तिने वकिलिणीला अडवलं.

"ते एक वर्षाचं कुणी लिहिलं?"

"मी."

"अकरा महिन्यांचं तुम्हाला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं. पण काहीच न मिळण्यापेक्षा कायद्यात आधी शिरकाव तरी व्हावा, पुढे दुरुस्ती मागता येते... असं असतं ते."

"म्हणजे मला सोडायचं घरूनच ठरवून आलात. मग मला आणलंत कशाला?"

"अगं, तिथवर उतरायचं नव्हतंच," बाई मध्ये पडल्या. "चूक माझी आहे."

"तुमची चूक पाकिटाची, बाई. मी लिहिण्याचं विचारतेय."



बुधवारी सगळ्या वर्तमानपत्रांत फोटो आला. चहाच्या सुट्टीत तिची नणंद, जी त्याच रुग्णालयात दुसऱ्या मजल्यावर काम करते, पेपर घेऊन खाली आली.

"वहिनी, फोटो छान आलाय. पोट तर त्याहून छान."

"गप गं. सुपरवायझरने पाहिला?"

"त्यानेच दिला मला. म्हणाला, तुमच्या घरात मोठी माणसं आहेत, सांगितलं नाहीत कधी."

गुरुवारी संघटनेची कार्यकारिणी बसली. निर्णयाचं स्वागत करायचं की निषेध, यावर तीन तास चर्चा झाली. स्वागत केलं तर कामगार बायका तोंडात शेण घालतील. निषेध केला तर मंत्री तो कागद पत्रकारांना दाखवतील. तोवर अभिनंदनाची चौतीस पत्रं आली होती. दोन संघटनांनी दहा मिनिटांत मागण्या मान्य करून घेण्याच्या तंत्रावर शिबिर घ्यावं, अशी विनंती केली होती. शेवटी 'सावध स्वागत' असा ठराव झाला. वकिलिणीने विरोधात मत दिलं आणि इतिवृत्तही तिनेच लिहिलं.

शुक्रवारी नियमाचा मसुदा निघाला. त्यात बारा आठवडे आणि एक वर्ष होतं. अकरा महिन्यांबद्दल काही नव्हतं. हरकतींसाठी पंधरा दिवस दिले होते.

त्याच दुपारी तीन वाजता सुपरवायझरने तिला केबिनमध्ये बोलावलं. आत ठेकेदारही होता. साडेचारला नणंदेचा बाईंना फोन आला.

"वहिनी अजून आतच आहे. दार लावून घेतलंय. मधूनमधून तिचाच आवाज येतोय, त्यांचा नाही. कसल्यातरी कागदावर सही मागतायत आणि ती वाचल्याशिवाय करत नाहीये. वकीलबाईंना पाठवा."

"पाठवते तिला."

"आणि त्यांना सांगा, काही लिहून आणू नका."

पाचला वकील न्यायालयातून रिक्षाने निघाली. तोवर केबिनचं दार उघडलेलं नव्हतं.