फाउस्तोच्या पोंचोचा गळा

माझ्या लग्नाला दोन दिवस उरले होते आणि आई अंगणात बसून माझ्या भावाच्या पोंचोचा गळा शिवून बंद करत होती.

मी खरं तर संध्याकाळी परतणार होते. होणाऱ्या नवऱ्याच्या, इलारिओच्या घरी चिचाचा, म्हणजे मक्याच्या दारूचा घडा पोचवायला निघाले, निम्म्या वाटेत कळलं की झाकण घरीच राहिलंय. तशीच मागे फिरले.

आधी मला हसूच आलं. पोंचोचे दोन्ही पट्टे मी चार महिने मागावर बसून विणले होते. लाल रंगासाठी निवडुंगावरचे किडे मीच खरवडले, मीच वाटले. पट्टे मधोमध जोडायचे आणि डोकं जाईल एवढी फट सोडायची, एवढंच काम आईकडे होतं. फाउस्तो उद्याच्या ट्रकने खाणीवरून येणार, तसा निरोप आलाय, असं आईनेच सांगितलं होतं. हा पोंचो घालून तो मला सासरी पोचवणार होता.

"आई, डोळे गेले का गं तुझे?" मी म्हणाले. "फाउस्तो डोकं खाणीत ठेवून येणार आहे का?"

आईची सुई थांबली. मग पुन्हा चालू लागली.

मी तापट आहे, हे सगळ्या पुकामोको गावाला ठाऊक आहे. मी पोंचो तिच्या मांडीवरून ओढला आणि गळ्याजवळचे टाके उसवायला बसले. तिसरा टाका ओढला तेव्हा दोरा चिमटीत फिरला. घट्ट व्हायच्या ऐवजी तो उलगडला.

पुन्हा फिरवून पाहिला. पीळ डावाच होता. डाव्या पिळाच्या दोऱ्याने आमच्याकडे फक्त मेलेल्या माणसाचा कपडा शिवतात.

"हा दोरा कुणासाठी आहे?"

"बस इथे, उर्सुला."

"कुणासाठी आहे, आई?"

"जवाच्या कापणीला एक माणूस आला होता बघ. बटाटे घ्यायला आलाय म्हणून तुला सांगितलं, तो." आई माझ्याकडे न बघता बोलत होती. "खाणीवरचा होता. बोगदा बसला. सात जण आत राहिले. बाहेर काढताच आले नाहीत."

जवाची कापणी होऊन तीन महिने झाले होते. तीन महिने मी मेलेल्या भावासाठी गाणी म्हणत विणत होते!

"मला विणू का दिलंस?"

"पुरायला काहीतरी नको का गं? तो नाही, तर त्याचा कपडा तरी, गळा बंद करून."

"आणि उद्या ट्रक आल्यावर?"

"चुकला म्हणणार होते. आधी सांगितलं असतं, तर तू लग्न केलं असतंस?"

मला तिचा भयंकर राग आला. आणि तेवढ्यात माझं लक्ष तिच्या बोटांकडे गेलं. सांध्यांना गाठी आलेली बोटं. आईने गेली सहा वर्षं सूत काढायची चाती हातात धरली नव्हती.

"दोरा कुणी काढला मग?"

"तुझ्या बाबांनी."

बाबांनी! कालच जेवताना ते म्हणाले होते, "खाणीवर फुकटचं खाऊन फाउस्तोचं पोट सुटलं असेल. पोंचो रुंद विणलायस ना?" आणि मी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले होते. तेही हसले होते. त्या माणसाने ताकास तूर लागू दिली नव्हती.

बाबा सरपण घेऊन आत आले. माझ्या मांडीवरचा पोंचो त्यांनी पाहिला, लोंबणारा दोरा पाहिला. मोळी पाठीवर तशीच ठेवून ते खाली बसले.

"उसवू नकोस, पोरी," ते म्हणाले. "तेवढाच दोरा निघाला माझ्याच्याने. पुन्हा नाही निघायचा."

मी आईच्या हातातून सुई घेतली आणि उसवलेले तीन टाके परत घातले.