पुन्हा स्वागत आहे!

तिला घरी-दारी सगळे 'चौकशी' म्हणायचे, आणि ते काही उगाच नाही. दाराशी आलेल्या कुरियरवाल्याला पाणी देता देता ती त्याला किती भावंडं, शाळेत कोणता विषय आवडायचा, हे विचारून मोकळी व्हायची. "अगं, नाक आहे की खोरं?" आई कपाळाला हात लावायची. "दिसली जागा की खुपसलं!"

अशा मुलीच्या हाती मावशीने दुकानाची वेबसाइट द्यावी, म्हणजे दुधावर मांजर राखणीला ठेवण्यातलाच प्रकार.

मावशी विग करायची. पण दुकानात 'विग' हा शब्द काढायची सोय नव्हती. तिथे 'केस' म्हणायचं. खिडकीशी ओळीने लाकडी डोकी, प्रत्येकावर बारीक जाळी, आणि मावशी डोळ्याला भिंग लावून आकड्याच्या सुईने त्या जाळीत एकेक केस गुंफत बसलेली. तयार केस गिऱ्हाइकाकडे जायचे ते चपलांच्या साध्या खोक्यातून. आणखी एक गंमत म्हणजे रस्त्यात गिऱ्हाईक समोर आलं तरी मावशी अगदी कोऱ्या चेहऱ्याने पुढे जायची. एकदा चौकशी बाजारात ओरडली होती, "मावशी, ह्या त्याच ना, ज्यांचे..." आणि मावशीने तिच्या पायावर असा काही पाय दिला की वाक्य आणि करंगळी दोन्ही जागच्या जागी चेपली. मावशीचा स्वभावच विसराळू, अशी चौकशीने स्वतःची समजूत घातली.

सुट्टीत तिने वेबसाइट बनवली, एकटीने! फोटो, रंगांचे नमुने आणि मागणीचा फॉर्म. फॉर्ममध्ये नाव, पत्ता, डोक्याचं माप, रंग, लांबी, आणि शेवटी तिच्या खास डोक्यातून निघालेला रकाना: 'केस का हवे आहेत?' तो भरल्याशिवाय फॉर्म पुढेच जायचा नाही. 'का' कळल्याशिवाय चौकशीला झोप कशी लागणार?

पण तिचा खरा जीव होता तो साइटच्या स्मरणशक्तीत. एकदा येऊन गेलेल्या संगणकावर साइट पुन्हा उघडली, की ती आपण होऊन म्हणायची, 'पुन्हा स्वागत आहे!' आणि मागच्या वेळी काय पाहिलं होतं ते समोर मांडायची. फॉर्म अर्धा राहिला असेल तर तोही जपून ठेवायची. दुकानदाराने हसून "या, या, नेहमीचंच ना?" म्हणावं तसं!

खाजगी माहितीचं पान तेवढं तिने एका विमान कंपनीच्या साइटवरून जसंच्या तसं उचललं होतं. मावशीने ते वाचलं आणि सुई बाजूला ठेवली.

"'तुमचा पासपोर्ट क्रमांक आणि जेवणाची आवड आमच्या जगभरातील कार्यालयांत सुरक्षित राहते.' आपलं दुसरं कार्यालय कुठंय गं? माळ्यावर?"

"मावशी, ते पान कोण वाचतंय!"

शाळा सुरू होऊन आठवडा झाला आणि संगणकाच्या बाईंनी सांगितलं, "सुट्टीत कुणी काही केलं असेल तर वर्गाला दाखवा." चौकशी उठून उभीसुद्धा राहिली होती. प्रोजेक्टर जोडलेल्या संगणकापाशी ती आयुष्यात पहिल्यांदाच बसत होती. एरवी तो शाळा सुटल्यावर ज्याला हवा त्याने वापरायचा. तिने पत्ता टाइप केला, वर्गाकडे वळली आणि म्हणाली, "तर मंडळी, पाहा!"

मंडळींनी पाहिलं. पाठीमागच्या भिंतीवर, हातभर अक्षरांत:

'पुन्हा स्वागत आहे! मागच्या वेळी तुम्ही पाहिलेले केस: काळे, कमरेपर्यंत. तुमचा अर्धा राहिलेला फॉर्म उघडायचा का?'

आणि एकच कल्ला.

"आपल्यातलंच कुणीतरी टकलू आहे!"

"बाई, तुम्ही का?"

"उघड, उघड! नाव असेल आत!"

चौकशीचा हात माउसवर होता. खरं सांगायचं तर तिलाच सगळ्यांच्या वरताण उत्सुकता. बोट शिवशिवत होतं. एक टिचकी, की झालं! तेवढ्यात मागच्या बाकावरून भोंगा ओरडली. भोंगा म्हणजे वर्गातला सगळ्यात मोठा आवाज. हल्ली डोक्याला रुंद रंगीबेरंगी पट्टे बांधायची नवी फॅशन तिने काढली होती. "बंद कर गं ते! काय लावलंय! बाई, पुढच्याला बोलवा ना!"

आवाज नेहमीसारखाच मोठा होता, पण शेवटाला जरासा फाटला. तो फाटलेला आवाज ऐकला आणि चौकशीचं बोट थबकलं. कुणाचा आवाज, याकडे तिचं लक्षच नव्हतं. तिला एवढंच कळलं की ज्याचा हा फॉर्म आहे तो याच शाळेतला आहे, कदाचित याच खोलीत बसलाय, आणि त्याची अब्रू आपल्या एका बोटाखाली आहे. तिने पडद्यावरची खिडकी बंद केली.

"मीच पाहिले होते," ती म्हणाली. "तपासायला."

"म्हणजे टकली तूच!" कुणीतरी म्हणालं, आणि नवं नाव वर्गभर फिरलं. नुकतीच कुठे ताठ झालेली चौकशीची मान जागेवर येऊन बसली.

शेजारी बसणारी मैत्रीण मात्र नावाप्रमाणेच 'वकील' होती. मधल्या सुट्टीत तिने गाठलंच. "तपासायला? त्या संगणकावर तू आज पहिल्यांदा बसलीस. कोण आहे गं? तुझ्याकडे असणारच नाव. मला एकटीला सांग, माझ्या पोटात राहील."

"काल माझ्या डब्यात काय होतं तेसुद्धा तुझ्या पोटात राहिलं नाही, सगळ्यांना कळलं!"

वकिलाचं बरोबर होतं. संध्याकाळी दुकानात बसून चौकशीने साइटची मागची बाजू उघडली. तिथे लिहिलं होतं: 'अर्धवट फॉर्म: एक.' त्यावर टिचकी मारायची, की नाव, माप, सगळं पुढ्यात. तिचा जीव नुसता टांगणीला लागला. वाचून लगेच विसरून जाऊ की! कुणाला सांगणार नाहीच आहोत. आणि कुणाचा आहे ते कळलं, तर त्या व्यक्तीशी जरा जास्त चांगलं वागता येईल, हो की नाही?

"एवढं काय वाचतेस डोळे फाडून?" मावशी सुई न थांबवता म्हणाली.

चौकशीने सगळं सांगून टाकलं. सुई थांबली.

"तुला वाटतं मी बाजारात लोकांना विसरते?"

"नाही का?"

"एकेकाचं डोकं महिना महिना मांडीवर घेऊन बसते मी. विसरेन कशी? पण ओळख त्यांनी दाखवायची असते, आपण नाही. त्यांनी हाक मारली तर मी तासभर गप्पा मारीन. नाही मारली, तर मी त्यांना कधी पाहिलेलंच नाही." तिने भिंग वर सरकवलं. "आणि तुझी ती साइट भर चौकात माणसाला गाठून म्हणते, काय हो, केस घेताय ना?"

चौकशीला हसू आलं आणि रडूही. "पण मावशी, तुला कधी 'का' विचारावंसं नाही वाटत?"

"वाटतं की! मलाही नाक आहे. पण जाळी विणायला डोक्याचं माप लागतं, कारण नाही लागत. जे कामाला लागत नाही ते मागायचं कशाला? मागितलं की सांभाळावं लागतं."

चौकशीने डोळे गच्च मिटले. मग एक उघडला, कारण बटण दिसेना. 'पुसून टाका.' अर्धवट फॉर्म: शून्य. पोटातलं कुतूहल मांजरासारखं एकदा ओरडलं आणि गप्प बसलं.

मग तिने 'पुन्हा स्वागत' काढून टाकलं. फॉर्म जपून ठेवणं काढलं. तो 'का'चा रकाना काढताना जरा हात जड झाला, पण काढला. विमान कंपनीला निरोप दिला आणि त्या जागी स्वतःच्या हाताने लिहिलं:

'तुम्ही इथे येऊन गेलात हे ही साइट लक्षात ठेवत नाही. आधी ठेवत होती. ती चूक होती. तेव्हाचे अर्धे राहिलेले फॉर्म न वाचता पुसले आहेत. आम्ही फक्त माप, रंग, लांबी आणि कुठे कळवायचं एवढंच विचारतो. केस तुमच्या हाती पडले की तेही पुसतो. का हवेत, ते विचारत नाही. रस्त्यात भेटलात तर आधी तुम्ही हसा.'

मावशीने वाचलं. "पासपोर्ट नको?"

"मावशी!"

शाळेत 'टकली' चालूच राहिलं. आणि चौकशीला आता जिकडे तिकडे केसच दिसायला लागले. पीटीच्या सरांची टोपी! ग्रंथपाल बाईंचा भांग कालच्यापेक्षा डावीकडे! प्रत्येक वेळी ती स्वतःलाच दटावायची, "खोरं आत घे!"

मग एका शनिवारी दुकानाची घंटा वाजली. एक बाई आत आल्या, आणि त्यांच्या मागे रुंद पट्टा बांधलेली भोंगा.

चौकशीच्या तोंडात नाव आलं होतं. तिने ते गिळलं. "या, बसा," ती म्हणाली, कोऱ्या चेहऱ्याने, जशी मावशी म्हणायची. "पाणी देऊ?"

भोंगा बसली नाही. तिची आई मावशीशी बोलायला लागली, तशी ती काउंटरपाशी सरकली. इतक्या हळू आवाजात ती कधी बोलली असेल असं वाटत नाही. "मला ओळखत नाहीस?"

"तुझ्यावर आहे ते."

"वाचलं होतंस?"

"नाही."

"तू? चौकशी? नाही?"

"जीव जात होता माझा. शप्पथ. पण नाही."

भोंगाने पट्टा चाचपला. "घरी एकच फोन, तो सगळ्यांच्या हातात. म्हणून शाळेत भरायला घेतला. सगळं भरलं, आणि त्या 'का'पाशी अडले. काय लिहू कळेचना. लिहिलंच नाही."

फॉर्म अर्धा राहिला होता तो तिच्याच रकान्यामुळे!

"काढला तो," ती कशीबशी म्हणाली.

"पाहिलं. म्हणून तर आले." भोंगा आणखी जवळ सरकली. "सांगू?"

चौकशीने, आयुष्यात पहिल्यांदा, लगेच हो म्हटलं नाही. "तुला सांगायचं असेल तर."

भोंगाने सांगितलं. ते काय, ते इथे लिहायचं नाही.

सोमवारी व्हरांड्यात भोंगा मैत्रिणींच्या घोळक्यातून समोरून आली. चौकशीने नजर सूचनाफलकावर खिळवली आणि हरवलेल्या पाण्याच्या बाटलीची सूचना मन लावून वाचू लागली.

"ए चौकशी!" अख्खा व्हरांडा दणाणला. "बहिरी झालीस का? माझ्या बाकावर जागा धरलीय तुझ्यासाठी, चल!"